पहिलीच्या प्रवेशाची मुलाखत आणि शाळापूर्व तयारी मेळावा

एप्रिल लागला की आमच्या अमळनेर-पारोळ्याकडे "पोराचा इंटरव्ह्यू झाला का?" ही चौकशी सुरू होते. विचारणारा खासगी शाळेतल्या मुलाखतीबद्दल विचारत असतो, आणि सांगणारा कधी कधी जिल्हा परिषद शाळेतल्या मेळाव्याबद्दल सांगत असतो. गोंधळ होणारच. दोन्हीकडे टेबल, समोर बाई, हातात चित्रं आणि बाजूला कागद-पेन. मी थोरल्या मुलीच्या वेळी मुलाखत पाहिली आणि धाकट्याच्या वेळी मेळावा.

मुलाखतीत आधी आम्हा दोघांनाच प्रश्न: शिक्षण किती, घरी इंग्रजी कोण बोलतं, अभ्यास कोण घेणार. मग मुलीसमोर रंगांची कार्डं आली. काळ्या कार्डावर ती लगेच "काया" म्हणाली. आजीजवळ वाढलेली पोर अहिराणीतच बोलणार. बाईंनी "इन इंग्लिश?" म्हणून पुन्हा विचारलं, तशी ती माझ्या पदराआड गेली आणि पुढच्या एकाही कार्डाकडे तिने पाहिलं नाही. कागदावर काय लिहिलं ते आम्हाला दाखवलं नाही. यादी नंतर लागेल, एवढंच कळलं. रंग तिला सगळे येत होते, याचं मला आजही वाईट वाटतं.

मेळाव्यात मूल आधीच शाळेचं असतं, आणि सगळा फरक तिथूनच पडतो. राज्यात २०२२ पासून 'पहिले पाऊल' या नावाने हे शाळापूर्व तयारी अभियान चालतं. पहिला मेळावा एप्रिलच्या सुमारास, दुसरा जूनमध्ये शाळा उघडताना. नाव नोंदवलं की मूल शारीरिक, बौद्धिक, सामाजिक-भावनिक, भाषा आणि गणनपूर्व तयारी अशा टेबलांवरून फिरतं. शेवटचं टेबल पालकांसाठी. धाकट्याने चिंचोके मोजताना तीननंतर थेट पाच म्हटलं. बाईंनी विकासपत्रावर इथे मदत लागते अशी नोंद केली, पत्र माझ्या हातात दिलं आणि सांगितलं, "ताई, रोज ताटात भाकरी वाढताना त्याच्याकडून मोजून घ्या." मधल्या दोन महिन्यांत गावातल्या आया गटाने बसून मुलांकडून अशाच कृती करून घेतात. नंदुरबारकडे घरात भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलांना शाळेचा पहिला दिवस येण्याआधी बाईंची आणि वर्गाची ओळख होते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आता कायद्याचं. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, लागू झाला १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना मुलाची किंवा आईवडिलांची चाळणी लावता येत नाही. म्हणजे आमचं शिक्षण विचारून त्यावर प्रवेश ठरवणंही त्यात आलं. जागा कमी आणि अर्ज जास्त असतील तर सोडत काढायची. चाळणी लावल्यास पहिल्या वेळी २५,००० रुपयांपर्यंत आणि पुढे प्रत्येक वेळी ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालानुसार अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांना मात्र हा कायदा लागू नाही.

खासगी शाळा हल्ली मुलाखत हा शब्द टाळतात आणि "नुसती ओळख करून घेतो" म्हणतात. तेव्हा दोनच गोष्टी विचारा: प्रवेश पक्का झाला आहे का, आणि मुलाला उत्तर आलं नाही तर पुढे काय होणार? प्रवेश पक्का असेल तर मूल काय बोलतं, कशाला बिचकतं हे बाईंनी जरूर बघावं, त्यात मुलाचंच भलं आहे. नसेल, तर ओळख प्रवेशानंतर करा असं सांगायला पालकांनी कचरू नये. त्यावरही अडवलं तर पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे गेलेल्या तक्रारीवर तीन महिन्यांत निर्णय व्हायला हवा.