रक्त पातळ करणाऱ्या औषधांवरील रुग्णांची देखरेख

रक्तात गुठळी होऊ नये म्हणून रोज गोळी घेणाऱ्या रुग्णाचा डोस ठरवणे, ठरावीक काळाने रक्त तपासणे आणि रक्तस्राव किंवा गुठळीची चाहूल वेळेत ओळखणे, असे या कामाचे स्वरूप आहे. हृदयात बसवलेली धातूची कृत्रिम झडप, लहानपणीच्या संधिज्वराने अरुंद झालेली मायट्रल झडप (हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली), हृदयाचे अनियमित ठोके (एट्रियल फिब्रिलेशन) आणि पायाच्या शिरेत किंवा फुप्फुसात झालेली गुठळी ही गोळी सुरू होण्याची मुख्य कारणे. औषधामुळे रक्त गोठायला उशीर लागतो, एवढाच त्याचा परिणाम. वॉरफॅरिन आणि असेनोकुमारॉल (एसिट्रोम) ही जुनी औषधे ‘के’ जीवनसत्त्वाचे काम अडवतात. वॉरफॅरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे औषध म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये माणसांसाठी मान्य झाले. ही दोन्ही औषधे एकमेकांच्या जागी तेवढ्याच मिलिग्रॅममध्ये देता येत नाहीत, कारण असेनोकुमारॉल साधारण निम्म्या मात्रेतच तेवढा परिणाम करते. दुकानदाराने ‘तेच आहे’ म्हणून दुसरी स्ट्रिप दिली, तर ती घेऊ नये.

देखरेखीचा कणा म्हणजे पीटी-आयएनआर ही तपासणी. रक्त गोठायला किती उशीर लागतो हे तिचा आकडा, म्हणजे आयएनआर, सांगतो; आकडा जितका मोठा तितका उशीर जास्त. निरोगी माणसाचा आयएनआर १ च्या आसपास असतो. अनियमित ठोके किंवा शिरेतील गुठळी असेल तर तो २ ते ३, आणि मायट्रल जागी धातूची झडप असेल तर २.५ ते ३.५ ठेवतात. गोळी सुरू केल्यावर पूर्ण परिणाम दिसायला सुमारे ५ दिवस लागतात, कारण रक्तात आधीपासून असलेले गोठणघटक संपायला तेवढा वेळ जातो. त्यामुळे दुसऱ्या दिवशीचा आकडा पाहून डोस वाढवणे घातक. सुरुवातीला दर २-३ दिवसांनी, मग आठवड्याने आणि आकडा स्थिरावला की महिन्याने तपासणी करतात.

रक्त घेताना होणारी एक चूक नेहमी आढळते. फिकट निळ्या झाकणाच्या नळीत सायट्रेट, म्हणजे रक्त गोठू न देणारे रसायन, असते. ९ भाग रक्ताला १ भाग असे त्याचे प्रमाण ठरलेले आहे. नळी खुणेपर्यंत भरली नाही तर सायट्रेट जास्त होते, आयएनआर खोटा वाढलेला येतो आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. मग झडपेवर गुठळी धरते. म्हणून अर्धवट भरलेली नळी टाकून द्यावी आणि पुन्हा रक्त घ्यावे. नमुना खोलीच्या तापमानातच ठेवावा, फ्रीजमध्ये नाही.

चंदगड, आजरा, गगनबावडा, शाहूवाडीच्या माणसाला तपासणीसाठी कोल्हापूरला सीपीआर या सरकारी रुग्णालयात किंवा खासगी दवाखान्यात यायचे म्हणजे दिवसाची मजुरी बुडते, आणि तपासणी पुढे ढकलली जाते. यावर व्यवहार्य उपाय म्हणजे रक्त तालुक्यातच द्यावे आणि आकडा डॉक्टरांना फोनवर कळवावा. प्रयोगशाळा मात्र शक्यतो एकच ठेवावी. गोळी संध्याकाळी घेतली तर सकाळच्या रक्ताचा रिपोर्ट दुपारी आल्यावर त्याच दिवसाचा डोस बदलता येतो.

डोस बदलताना आठवड्याची बेरीज धरतात. रोज २ मिलिग्रॅम म्हणजे आठवड्याला १४. आकडा थोडा कमी असेल तर चार दिवस २ आणि तीन दिवस २.५, म्हणजे १५.५ मिलिग्रॅम, ही सुमारे ११ टक्के वाढ झाली. एकदम २ वरून ३ वर नेणे ही फार मोठी उडी आहे. वहीत तारीख, आकडा आणि प्रत्येक वाराचा डोस लिहावा. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्यावी. दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये.

आकडा बिघडतो तो बहुधा नेहमीच्या दिनक्रमात बदल झाला म्हणून. हिवाळ्यात मेथीची पेंडी स्वस्त झाली, घरात रोज मेथी, चाकवत, पोकळा, पालक शिजू लागले की ‘के’ जीवनसत्त्व वाढते आणि आयएनआर घसरतो. उलट नवरात्राच्या उपवासात किंवा जुलाबात जेवण कमी झाले की तो चढतो. पालेभाजी बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, तो चुकीचा आहे. भाजी खावी, पण आठवड्याला साधारण तेवढीच. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याने फारसा फरक पडत नाही, दारूने पडतो.

त्याहून मोठा धोका औषधांचा. मेट्रोनिडाझोल, कोट्रायमोक्साझोल, फ्लुकोनाझोल, अमिओडॅरोन यांनी आयएनआर वाढतो. जुलाबासाठी किंवा लघवीच्या संसर्गासाठी यातले काही सुरू झाले तर ३ ते ५ दिवसांत तपासणी हवीच. क्षयरोगावरील रिफॅम्पिसिनमुळे आकडा इतका खाली येतो की डोस दुप्पट-तिप्पट करावा लागतो. रिफॅम्पिसिन संपल्यावर तो पुन्हा उतरवायचा असतो, आणि हेच नेमके विसरले जाते. ऊसतोडीच्या दिवसांत गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून डायक्लोफिनॅक किंवा ब्रुफेन आणले जाते, दुखण्याची सुई कमरेत टोचून घेतली जाते. गोळ्यांनी पोटातून रक्त जाते. सुईने स्नायूत रक्त साकळते. दुखत असेल तर पॅरासिटामॉल घ्यावे, तेही दिवसाला २ ग्रॅमच्या आत.

आयएनआर ४.५ ते १० असून रक्तस्राव नसेल तर एक-दोन डोस थांबवून पुन्हा तपासतात. १० च्या वर गेला तर तोंडाने ‘के’ जीवनसत्त्व देतात. डांबरासारखी काळी शी, थांबत नसलेला घोळणा, लाल लघवी, अचानक डोकेदुखी व उलटी, अंगाची एक बाजू लुळी पडणे ही लगेच दवाखाना गाठण्याची लक्षणे. मोटारसायकलवरून पडून डोक्याला मार लागला, तर माणूस ठीक दिसत असला तरी सीटी स्कॅन करावा. गुठळीचा धोकाही तेवढाच खरा: शांत खोलीत ऐकू येणारी धातूच्या झडपेची टिकटिक मंद झाली किंवा दम वाढला, तर ती तातडीची अवस्था आहे. सर्पदंश झाला तर गोळीची गोष्ट आधी सांगावी, कारण घोणसाचे विषही रक्त गोठण्याची क्रियाच बिघडवते.

दात काढण्यासाठी गोळी परस्पर बंद करू नये. आयएनआर योग्य मर्यादेत असेल तर बहुतेक वेळा ती चालू ठेवूनच दात काढता येतो. मोठ्या शस्त्रक्रियेआधी वॉरफॅरिन साधारण ५ दिवस आणि असेनोकुमारॉल २-३ दिवस आधी थांबवतात. दिवस राहिल्याची शंका येताच डॉक्टरांना सांगावे, कारण ६ ते १२ आठवड्यांच्या काळात या गोळ्यांमुळे बाळात व्यंग येऊ शकते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत पुणे-बंगळूर महामार्गही बंद पडला होता. म्हणून पंचगंगेकाठच्या रुग्णांनी जुलै लागताच तपासणी करून घ्यावी आणि महिन्याच्या गोळ्या घरात ठेवाव्यात.

डॅबिगाट्रान, रिव्हारोक्साबान, अपिक्साबान या नव्या औषधांना आयएनआर लागत नाही. धातूच्या झडपेसाठी मात्र ती चालत नाहीत. संधिज्वराने अरुंद झालेल्या झडपेसह ठोके अनियमित असतील तर जुनीच औषधे सरस ठरतात. २०२२ च्या इन्व्हिक्टस या रुग्णांवरील औषध-चाचणीत हे दिसले. नवी औषधे काही तासांतच उतरतात, त्यामुळे एक डोस चुकला तरी संरक्षण जाते. ही औषधे घेताना मूत्रपिंडाची तपासणी वर्षातून एकदा तरी व्हावी, वृद्धांमध्ये अधिक वेळा. रिव्हारोक्साबानची १५ किंवा २० मिलिग्रॅमची गोळी जेवणासोबतच घ्यायची, नाहीतर ती नीट शोषली जात नाही. उपवास असेल त्या दिवशी ती पोटभर फराळासोबत घ्यावी.