अनाशी ढाकाचा सण

कोकणातल्या बेने इस्राएल या यहुदी (ज्यू) समाजाच्या घरांत एक सण पूर्वी 'अनाशी ढाकाचा' म्हणून पाळत. अनाशी म्हणजे आंबट द्रवाचं भांडं, ढाका म्हणजे झाकणं. भांडं का झाकायचं, ते कुणाला सांगता येत नसे. आई झाकायची म्हणून लेक झाकायची. मुळात तो यहुद्यांचा पेसाह, घरातलं आंबवलेलं सगळं बाहेर काढायचा सण. कारण विसरलं, झाकण राहिलं.

या समाजाची आख्यायिका अलिबागजवळच्या नवगावपासून सुरू होते. तिथे जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, पोथ्या समुद्रात गेल्या. इतिहासकार याच्या काळाबद्दल भांडत राहोत. पोथीविना राहिलेला समाज एवढं मात्र खरं. तेलाचे घाणे चालवणारे हे लोक शनिवारी, यहुद्यांच्या विश्रांतीच्या दिवशी, बैल सोडत, म्हणून गावाने त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं. आडनावं गावांवरून पडली: दिवेकर, पेणकर, रोहेकर, किहीमकर.

पोथी नसताना धर्म टिकला तो मुलांच्या सुंतेवर, शनिवारच्या सुट्टीवर, 'शेमा इस्राएल' या एका प्रार्थनेवर आणि चुलीवर. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, दारं लावून घेऊन उपास, म्हणून तो 'दारफाळणीचा सण', आणि दुसरा दिवस 'शिळा सण'. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस 'बिरड्याचा' झाला, कारण त्या दिवशी बिरडं. मटणात दूध-दही चालत नाही, तर नारळाचा रस घालायचा. कोकणात त्याला काय तोटा! शुक्रवारच्या संध्याकाळी, शनिवारची सुट्टी सुरू होताना, द्राक्षारस हवा, तो मिळेना, तेव्हा काळ्या मनुका भिजवून, कुस्करून, गाळून सरबत करायचं.

म्हणूनच दाविद रहाबीची गोष्ट मला पटते. हा परदेशी यहुदी नेमका कधी आला, यावर एकमत नाही. त्याने म्हणे बायकांपुढे मिसळ मासळी ठेवली. त्यांनी खवले आणि पर असलेली मासळी तेवढी उचलली, बाकीची बाजूला सारली. यहुदी धर्मात तेवढीच मासळी चालते; हे यहुदीच, अशी त्याची खात्री पटली. मग त्याने काहींना शिकवून काजी, म्हणजे समाजाचे धर्मविधी करणारे, केलं आणि काजीपण वंशपरंपरेने चाललं.

पोथी परत आली ती उशिरा. 1796 मध्ये सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत 'शार हारहमीम' हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनाघर, बांधलं. कोचीनचे यहुदी शिकवायला आले. हिब्रूचं व्याकरण मराठीत मिळालं, ते मात्र धर्मांतर घडवायला आलेल्या जॉन विल्सन या मिशनऱ्याकडून, 1832 मध्ये! बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं आणि बाप्तिस्मा बहुतेकांनी नाकारला. 1874 मध्ये पुण्यात हिब्रू-मराठी हग्गादा, म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्या चित्रांत बायका इथल्याच पेहरावात, जमिनीवर बसून पेसाहची बिनखमिराची भाकरी करताना दिसतात.

1948 नंतर बरेच जण इस्राएलला गेले आणि तिथे त्यांच्या यहुदीपणावरच प्रश्न आला. लग्न लावण्याआधी रब्बी, म्हणजे यहुदी धर्मगुरू, आई, आजी, पणजी कोणत्या कुळातल्या ते विचारू लागले. ज्या बायकांनी पोथीविना धर्म सांभाळला, त्यांचाच पुरावा मागितला जात होता. जेरुसलेममध्ये निदर्शनं झाली. ऑगस्ट 1964 मध्ये इस्राएलच्या संसदेने बेने इस्राएल सर्वार्थाने यहुदी असल्याचं जाहीर केलं.

आज लोद, अश्दोद, दिमोनामध्ये एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने मलिद्याचा नैवेद्य होतो. पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर फळं.