ग्राफिक्स कार्ड ‘किती जीबीचं?’ हा प्रश्नच अपुरा आहे

लॅपटॉप घेताना पहिला प्रश्न ठरलेला: ‘ग्राफिक्स कार्ड किती जीबीचं?’ मग कुणीतरी टास्क मॅनेजर उघडून ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’समोरचा ४ जीबीचा आकडा दाखवतं. ते कार्ड नव्हेच. ८ जीबी रॅमपैकी साधारण निम्मी रॅम गरज पडली तर ग्राफिक्सला वापरता येईल, एवढाच त्याचा अर्थ.

इंटिग्रेटेड ग्राफिक्स हे प्रोसेसरच्याच चिपमध्ये असतं आणि रॅम प्रोसेसरबरोबर वाटून घेतं. डेडिकेटेड कार्डाची चिपही वेगळी आणि मेमरीही स्वतःची. पण मेमरी किती, यापेक्षा तिच्यातून सेकंदाला किती डेटा वाहतो हे बघा. टाकी कितीही मोठी असो, नळ बारीक असेल तर धार बारीकच येणार.

डीडीआर४-३२०० रॅमची एक पट्टी एका वेळी ६४ बिट, म्हणजे ८ बाइट देते. सेकंदाला ३२० कोटी वेळा. गुणाकार केला की २५.६ जीबी. दोन पट्ट्या लावल्या की १२८ बिट आणि ५१.२ जीबी. लॅपटॉपमधल्या आरटीएक्स ४०६० कार्डाची रुंदीही १२८ बिटच, पण त्याच्या जीडीडीआर६ या ग्राफिक्ससाठीच्या मेमरीचा वेग पाचपट, म्हणून २५६ जीबी!

एवढं लागतं कशाला? फुल एचडी पडद्यावर सुमारे २०.७ लाख पिक्सेल. प्रत्येकी ४ बाइट धरून सेकंदाला ६० चित्रं काढली तरी अर्धा जीबीच होतो. पण गेममध्ये पिक्सेल एकदाच लिहून भागत नाही. टेक्स्चर, म्हणजे वस्तूंच्या पृष्ठभागाचं चित्र, वाचायचं, कोणती वस्तू पुढे हे डेप्थ बफरमध्ये तपासायचं, सावल्या वेगळ्या काढायच्या, आणि हे सगळं दर चित्राला.

जीटी १०३० हे डेस्कटॉपचं कार्ड याचा उत्तम पुरावा. जीडीडीआर५ आणि डीडीआर४ अशा दोन्ही प्रकारांत ते २ जीबीचंच. पण पहिल्याचा प्रवाह ४८ जीबी, दुसऱ्याचा १६.८.

म्हणून एकाच पट्टीवर विकलेल्या लॅपटॉपमध्ये दुसरी घालायची जागा आहे का ते आधी बघा. इंटेल तर रॅमचे दोन चॅनल (६४ बिटचे दोन रस्ते) नसतील तर आपल्या इंटिग्रेटेड ग्राफिक्सचं आयरिस एक्सई हे नावही दाखवत नाही, नुसतं यूएचडी म्हणतं. गेमआधी डेस्कटॉपवर दहादा ‘रिफ्रेश’ दाबण्याने मात्र काहीही वेगवान होत नाही. फक्त आयकॉन पुन्हा काढले जातात.

लेखन, ब्राउझर, सिनेमे यांना इंटिग्रेटेड पुरतं. आणि ते मुळातच दुबळं असतं असंही नाही: ॲपलच्या २०२१च्या एम१ मॅक्समध्ये ग्राफिक्स हे प्रोसेसरच्याच चिपवर आहे, पण मेमरीचा रस्ता ५१२ बिट रुंद, आणि प्रवाह सेकंदाला ४०० जीबी.