रिटायर झाल्यावर गाडीतच संसार: हे खूळ आलं कुठून आणि अडकलंय कुठे

हल्ली आपल्याकडे कुणाच्या सेवापूर्तीच्या कार्यक्रमाला गेलं की शाल-नारळ झाल्यावर सत्कारमूर्ती एक वाक्य टाकतातच, "आता एक मोठी गाडी घेतो, आत गादी टाकतो आणि मी न् ही निघतो." दहा-बारा वर्षांपूर्वी याच जागी "आता चारधाम उरकून घेतो" असायचं. युट्यूबवर बघून आलेलं फॅड म्हणून लोक हसतात, पण ते तेवढंच नाहीये.

जुनं पटकन सांगून मोकळा होतो कारण त्यातलं मला फार कळत नाही. बुऱ्हाणपूर-सुरत हा जुना व्यापारी रस्ता खान्देशातून जायचा, बैलांच्या पाठीवर धान्य-मीठ लादून लमाणांचे तांडे फिरायचे, बायकापोरं सोबत, म्हणजे अख्खं घरच चालतं. 1860 च्या दशकात भुसावळला रेल्वे आली आणि असल्या वाहतुकीचं कंबरडं मोडलं. मग 1871 चा इंग्रजांचा कायदा, त्यात फिरत्या जमातींवर सरसकट गुन्हेगार म्हणून शिक्के बसले, ते पुसायला 1952 उजाडलं. तिकडे विलायतेत मात्र 1885 मधे एका डॉक्टरने भटक्या लोकांच्या गाड्यांसारखीच घोड्याची गाडी हौस म्हणून बनवून घेतली आणि तिचं केवढं कौतुक झालं. गरीब फिरला की संशय आणि पेन्शनर फिरला की हौस, हे तेव्हापासूनचंच. असो.

अमेरिकेत मोटारीवरचं घर 1910 च्या आसपास सुरू झालं, पण म्हातारी माणसं त्यात कायमची राहायला लागली ती नंतर, आणि त्याला कारण गाडीपेक्षा पैसा जास्त. 1935 ला तिथे म्हातारपणीच्या पेन्शनचा कायदा झाला, 1940 च्या जानेवारीत पहिला महिन्याचा चेक निघाला, 1956 ला मोठ्या हायवेंचा कायदा आला, आणि 60 च्या दशकात कारखान्यातून तयार मोटरहोम बाहेर पडायला लागली. दरमहा ठरलेली रक्कम, चांगला रस्ता आणि कागदोपत्री स्वच्छ गाडी, या तीन गोष्टी तिथे जुळून आल्या. आपल्याकडे रस्ता झाला, धुळ्याहून नागपूरला किंवा इंदूरला जाणाऱ्यांना ते सांगायची गरज नाही. उरलेल्या दोघांचा घोळ आहे.

त्याआधी यात्रा बसबद्दल बोलायलाच पाहिजे, कारण आपल्याकडची खरी आरव्ही, म्हणजे राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, तीच. उन्हाळा संपायच्या आत गावातून एक लक्झरी ठरवायची, पन्नासेक म्हातारी-कोतारी, सोबत आचारी, डिक्कीत पातेली, सिलेंडर, तांदळाची गोणी, शेव आणि तिखटाचे डबे, आणि पंधरा-वीस दिवस काशी-प्रयाग-गया नाहीतर रामेश्वर. सकाळी पेट्रोल पंपामागे नळ दिसला की गाडी थांबणार, तिथेच आंघोळी, तिथेच चहा, दुपारी कुठल्याशा झाडाखाली शेवभाजी. माझी आजी असल्या यात्रेवरून आली की देवापेक्षा कुठल्या पंपावर पाणी चांगलं होतं हे जास्त सांगायची. म्हणजे गाडीत स्वयंपाक, गाडीजवळ झोप, रस्त्यावर पंधरा-वीस दिवस, याची सवय आपल्याला होतीच. फक्त ते पन्नास जणांत होतं, आता दोघांत करायचंय. 2020 च्या मार्चमधे रेल्वेची ज्येष्ठांची तिकिटातली सवलत बंद झाली, वर करोनाने हॉटेल-धर्मशाळांची धास्ती बसवली, तेव्हापासून "आपली आपली गाडी" हे डोक्यात जास्तच बसलं. एसटीने मात्र 2022 च्या ऑगस्टपासून 75 च्या वरच्यांना तिकीटच माफ केलं, पण एसटीत झोपता थोडंच येतं.

आता पैसा. या गाड्यांची स्वप्नं बघणारे आपल्याकडे बहुतेक कोण, तर जिल्हा परिषदेचे मास्तर, रेल्वेवाले, ऑर्डनन्स फॅक्टरीवाले, वीज मंडळवाले. मास्तर आणि रेल्वे-फॅक्टरीवाल्यांत जुनी पेन्शन असलेली ही शेवटची पिढी म्हटली तरी चालेल, कारण केंद्रात 1 जानेवारी 2004 नंतर आणि राज्यात 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांना ती नाही, आणि त्यावरूनच 2023 च्या मार्चमधे सात दिवस संप झाला होता. ज्यांना जुनी आहे ते गाडीसाठी पेन्शन विकतात. म्हणजे मूळ पेन्शनच्या 40 टक्क्यांपर्यंत हिस्सा सरकारला द्यायचा आणि एकरकमी पैसे घ्यायचे, पंधरा वर्षांनी तो हिस्सा परत सुरू होतो. 58 ला रिटायर झालेल्याची मूळ पेन्शन 40,000 असेल तर 16,000 विकले की हातात साधारण सोळा लाख येतात. सोळा लाख ऐकलं की माणूस हवेत जातो, पण पुढची पंधरा वर्षं दर महिन्याला ते 16,000 कापले जाणार आणि नेमकी तीच वर्षं गुडघे चालण्याची आहेत हे बायको सांगते तेव्हा कळतं. महागाई भत्ता विकण्याआधीच्या पूर्ण पेन्शनवर मिळतो, तेवढीच गंमत. खासगीवाल्यांची 1995 ची पेन्शन योजना आहे तिचं किमान 1,000 रुपये, त्यात डिझेलसुद्धा नाही, सोडा.

तर पैसा कसाबसा जमतो. अडकतं ते आरसी बुकात.

इथे जरा थांबतो, कारण लोकांचा सगळा गोंधळ इथेच आहे आणि याच्यावर नीट कुणी बोलत नाही. आपल्याकडे या गाडीला कुणी व्हॅनिटी म्हणतं, कारण हिरो-हिरोईनची बघितलेली असते, कुणी कॅरॅव्हॅन, कुणी कॅम्पर, कुणी आरव्ही. बोलताना चालतं, कागदावर नाही. सरकारच्या कॉम्प्युटरमधे मोटर कॅरॅव्हॅन हा वेगळा वर्ग आहे, कॅम्पर व्हॅन किंवा ट्रेलर हा वेगळा, आणि खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा आणखी वेगळा. हा शेवटचा 2004 च्या यादीपासून नॉन-ट्रान्सपोर्टमधे आहे, म्हणजे पांढरी पाटी, परमिटची भानगड नाही. मोटर कॅरॅव्हॅन कशाला म्हणायचं त्याचीही व्याख्या आहे: आत बसायची जागा आणि टेबल, झोपायची सोय, स्वयंपाकाची सोय आणि सामान ठेवायची जागा, आणि हे सगळं गाडीला पक्कं बसवलेलं पाहिजे, टेबल तेवढं काढता आलं तरी चालेल. संडास त्या यादीत नाही हे वाचून आमच्या घरातल्या बायका जाम भडकल्या होत्या आणि त्यांचं बरोबरच होतं. या गाड्यांच्या मंजुरीसाठी एआयएस-124 असं स्वतंत्र स्टँडर्डसुद्धा आहे. म्हणजे कायद्याला ही गाडी माहितीच नाही असं जे लोक म्हणतात ते चूक आहे. कायद्याला माहिती आहे, पण कंपनीतून किंवा मंजुरी घेतलेल्या बॉडीवाल्याकडून तयार होऊन आलेली. तुम्ही गावातल्या फॅब्रिकेटरकडे जुनी गाडी नेऊन बनवलेली नाही.

1988 चा मोटार वाहन कायदा आला तेव्हा गाडीत बदल करायचा तर आरटीओची परवानगी घ्या, असा साधा मामला होता. 2000 साली कलम 52 बदललं आणि त्यात आलं की कंपनीने मुळात दिलेली माहिती आणि आरसी बुकातली माहिती यात फरक पडेल असा बदल मालकाने करायचाच नाही, सीएनजी-एलपीजीसारखं इंधन बदलणं सोडून. पण ते वर्षानुवर्षं कुणी मनावर घेतलं नाही. नियमांत बदलाची परवानगी मागायचे फॉर्म होते, लोक ते भरायचे, कुठे मंजूर व्हायचे कुठे नाही. मग केरळातलं एक प्रकरण वर गेलं. तिथल्या हायकोर्टाने बदल करणाऱ्यांच्या बाजूने म्हटलं होतं, पण 2019 च्या जानेवारीत दिल्लीच्या सगळ्यात वरच्या कोर्टाने ते फिरवलं, की कलम 52 स्पष्ट आहे आणि खालचे नियम कायद्याला वळसा घालू शकत नाहीत. त्याच वर्षी कायद्यात दुरुस्ती होऊन शिक्षाही ठरली, प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही.

आता यात दोन बाजू आहेत. ज्यांना निकाल पटतो ते म्हणतात की बॉडी कापून-जोडून केलेल्या गाड्या घाटात उलटतात, वजन वाढतं, ब्रेक तेवढ्या वजनाचे नसतात, आणि ते खरंच आहे, औट्रम घाट उतरताना पुढे असली एखादी डुलणारी गाडी असली की मीही शिव्या घालतो. पण निकालात लांब सायलेन्सरवाली बुलेट आणि म्हाताऱ्याची गादी एकाच तागडीत गेली हे मला तरी पटत नाही. सीटा काढून प्लायवूडचा पलंग टाकला यात गाडीचा सांगाडा कुठे बदलला? पण आरसी बुकात सीटिंग कपॅसिटी लिहिलेली असते ना, सीट काढली की माहितीत फरक पडला.

आमच्या बापूंचं हेच झालं. मोठे काका, मराठी शाळेचे हेडमास्तर, 2016 ला रिटायर झाले आणि एका ट्रॅव्हल्सवाल्याकडून जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, पिवळ्या पाटीची. 2018 च्या दिवाळीनंतर बॉडीवाल्याने मागच्या आठ सीटा काढून बॉक्सचा पलंग केला, त्याखाली भांडी, कडेला ओटा, पाच किलोचा सिलेंडर पट्टीने बांधलेला, वीस लिटरचे दोन जार, इन्व्हर्टरची बॅटरी, आणि छताला आतून थर्मोकोल, कारण आपल्या मे महिन्यात पत्र्याची गाडी म्हणजे खापरच, आत बसून मांडे भाजले जातील. पहिल्यांदा गल्लीतून निघाले तेव्हा समोरच्या म्हाताऱ्याने ओट्यावरून विचारलं, "जिभाऊ, घर इकी टाकं का काय?", म्हणजे घर विकून टाकलं की काय. पुढे 2019 ला पासिंगला, म्हणजे आरटीओकडे गाडीच्या फिटनेसच्या तपासणीला गेले तर साहेबांनी आत डोकावून एवढंच म्हटलं, सीटा कुठायत. तेव्हापासून दर पासिंगला खळ्यातल्या शेडमधून सीटा निघतात, कबुतरांची घाण धुवायची, बोल्ट मारायचे, पासिंग करून आणायचं, परत काढायच्या. दोन दिवस आणि दोन मजूर. हे बेकायदा आहे हे बापूंना माहिती आहे, शाळेत आयुष्यभर नियम शिकवले म्हणून लाजही वाटते, शिवाय एखादा अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं बोट आरसी बुकावर ठेवणार ही भीती आहेच. पण परमिट उतरवून पांढरी पाटी करायची आणि वर्ग बदलून कॅम्पर करून घ्यायचा म्हणून ते तीन चकरा मारून आले, तर एका टेबलावर सांगतात वर्ग आहे, दुसऱ्यावर सांगतात आहे पण जुन्या गाडीचा होत नाही, तिसऱ्यावर साहेब जेवायला.

2021 ला राज्याचं कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आलं तेव्हा आम्हाला वाटलं सुटलो. ते उघडून बघितलं तर ते धंदा करणाऱ्यांसाठी आहे, कॅरॅव्हॅन भाड्याने देणारे आणि कॅरॅव्हॅन पार्क काढणारे, त्यांना करात सवलती वगैरे. पक्कं बांधकाम करता येत नाही तिथे अशा गाड्यांनी पर्यटन वाढेल हा विचार चांगलाच आहे, तोरणमाळला किंवा पाटणादेवीला असं झालं तर कुणाला नको? पण स्वतःच्या गाडीत स्वतःच्या बायकोला घेऊन फिरणारा पेन्शनर त्यात कुठे बसतो ते मला सापडलं नाही. केरळानेही त्याच वर्षी असंच काढलं, तिथेही रोख पर्यटकावर.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने सुटत गेल्या. लायसन पंचावन्नच्या पुढे पाच-पाच वर्षांनी रिन्यू होतं, डॉक्टरचा दाखला लागतो, चाललंय. कार चालवायच्या लायसनवर 7,500 किलोच्या आतली पिवळ्या पाटीची गाडी चालते का हा वाद 2017 ला एकदा सुटला, परत उकरला गेला, आणि 2024 च्या नोव्हेंबरमधे पाच न्यायाधीशांनी चालते म्हणून सांगितलं, त्या दिवशी बापूंनी पेढे आणले होते. सगळ्यात मोठी सोय झाली ती हयातीच्या दाखल्याची. नोव्हेंबर म्हणजे फिरायला सगळ्यात चांगला महिना आणि त्याच महिन्यात पेन्शनरला मी जिवंत आहे हे सांगायला बँकेत उभं राहावं लागायचं. 2014 ला ते डिजिटल झालं पण अंगठ्याचं मशीन लागायचं, आणि खडूने झिजलेला मास्तरांचा अंगठा मशीनला दिसायचा नाही. 2021 च्या शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून करायची सोय आली. मागच्या वर्षी बापूंनी ते पळासनेरच्या पुढे सेंधव्याच्या अलीकडे एका ढाब्यावर, खाटेवर बसून केलं. नेट जात-येत होतं, काकू मोबाईल धरून उभ्या, ॲप म्हणतंय डोळे मिचकवा, बापू मिचकवतायत, ढाबेवाल्याचं पोरगं मागून हसतंय. चौथ्यांदा झालं.

यंदा पावसाळा सरला की नर्मदा परिक्रमेला निघायचं चाललंय, गाडीनेच. त्याआधी ऑक्टोबरात पासिंग आहे, सीटा खळ्यात आहेत.