कसब आणि रग (आइस हॉकीतील संघबांधणी)

उत्तर अमेरिकेतील नॅशनल हॉकी लीगमध्ये (एनएचएल) वेतनमर्यादेत (संघाला खेळाडूंच्या पगारावर करता येणारा कमाल खर्च) राहून गोल करणारे चपळ खेळाडू आणि अंगावर जाऊन खेळणारे दणकट गडी यांचा मेळ घालण्याची पद्धत. आपल्याकडच्या मैदानी हॉकीत प्रतिस्पर्ध्याला अंगाने ढकलले तर फाऊल होतो. बर्फावर मात्र चकती ज्याच्या ताब्यात आहे त्याला खांद्याने धडक देणे नियमातच बसते, आणि हातमोजे टाकून मारामारी केली तरी बहुधा पाच मिनिटे बाहेर बसण्यावर भागते.

पूर्वी हे गणित सोपे होते. एडमंटन ऑयलर्स संघाकडे गोलांचे विक्रम करणारा वेन ग्रेट्झ्की होता आणि त्याच्या वाटेला कोणी जाऊ नये म्हणून दणकट डेव्ह सेमेंको. १९८८ मध्ये ग्रेट्झ्की लॉस एंजेलिसला गेला तेव्हा मार्टी मॅक्सॉर्ली हा दांडगा गडीही त्याच सौद्यात गेला. फिलाडेल्फिया फ्लायर्सने १९७४ आणि १९७५ चे स्टॅनले कप (एनएचएलचे अजिंक्यपद) गुद्द्यांवर जिंकले, असे अजूनही सांगतात. ते अर्धेच खरे. दोन्ही वर्षी प्लेऑफमधील (हंगामाअखेरच्या बाद फेऱ्यांतील) सर्वोत्तम खेळाडू ठरला तो त्यांचा गोलरक्षक बर्नी पॅरंट.

मालक आणि खेळाडूंच्या वादात २००४-०५ चा अख्खा हंगाम बुडाला. पुढच्या हंगामापासून प्रत्येक संघाला ३.९ कोटी डॉलरची वेतनमर्यादा लागू झाली; २०२५-२६ मध्ये ती ९.५५ कोटींवर गेली. त्याच सुमारास काठीने अडवणे, धरून ठेवणे यांवर पंच कडक झाले आणि मंद स्केटिंग करणारा नुसता पहिलवान उघडा पडला. सामन्यात गोलरक्षक सोडून १८ जणच उतरतात. त्यातली एक जागा काही मिनिटांपुरत्या खेळाडूला द्यायची, तर पैसा आणि जागा दोन्ही अडकतात. न्यूयॉर्क रेंजर्सने २०१० मध्ये डेरेक बूगार्ड या अशाच मारामारी करणाऱ्या गड्याशी चार वर्षांचा ६५ लाख डॉलरचा करार केला. २२ सामन्यांनंतर मारामारीत डोक्याला मार लागून त्याचा हंगाम संपला. मे २०११ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी तो वारला. पुढे त्याच्या मेंदूत वारंवार बसलेल्या आघातांमुळे होणारा विकार आढळला. हिशेबाच्या चर्चेत ही बाजू फार लवकर मागे पडते.

दुसरे टोक टोरंटो मेपल लीफ्स संघाचे. २०१९-२० मध्ये ८.१५ कोटींच्या मर्यादेतले सुमारे निम्मे पैसे मॅथ्यूज, टॅव्हारेस, मार्नर आणि नायलँडर या गोल करणाऱ्या चौघांवर गेले. उरलेल्या निम्म्यात बचाव, गोलरक्षण आणि तळाच्या फळ्या उभ्या करायच्या, म्हणजे ओढाताण आलीच.

त्यामुळे भाव चढला तो दोन्ही अंगे असलेल्यांचा. २०२४ आणि २०२५ चे कप जिंकणाऱ्या फ्लोरिडा पँथर्सचे मॅथ्यू कचक आणि सॅम बेनेट धडकाही देतात आणि गोलही करतात. बेनेट वर्षाला ४४.२५ लाख डॉलरवर खेळत होता तोवर संघाची चैन होती. २०२५ च्या प्लेऑफमध्ये तोच सर्वोत्तम ठरला, आणि त्याच उन्हाळ्यात त्याला राखायला पँथर्सना वर्षाला ८० लाखांप्रमाणे आठ वर्षांचा करार करावा लागला.