ॲन्युलर की ॲन्युअल?

ग्रहण जवळ आलं की पुण्यातल्या एखाद्या तरी सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘ॲन्युअल सोलर इक्लिप्स’ असा निरोप येऊन पडतोच. शब्द आहे ॲन्युलर, म्हणजे कंकणाकृती. दरवर्षीशी त्याचा काही संबंध नाही. भारतातून अशी ग्रहणं २६ डिसेंबर २०१९ आणि २१ जून २०२० ला, म्हणजे सहा महिन्यांत दोनदा दिसली. पुढचं थेट २१ मे २०३१ ला, तेही केरळ-तमिळनाडूत. पुणेकरांच्या वाट्याला गेल्या दोन्ही वेळी खंडग्रासच आलं. चंद्र पृथ्वीपासून लांब असला की त्याचं बिंब सूर्याला पुरतं झाकू शकत नाही, आणि कडेनं झगझगीत कडं उरतं, इतकीच त्यातली गंमत.

दोन्ही शब्द लॅटिनमधले, पण मुळं वेगळी. ॲन्युअल आला ‘आन्नुस’वरून, म्हणजे वर्ष, ॲनिव्हर्सरी त्याच घरातली. ॲन्युलर आला ‘आनुलुस’वरून, म्हणजे छोटं कडं, अंगठी. या ‘आनुलुस’मध्ये मुळात एकच ‘न’ होता. दुसरा पुढे लिहिता लिहिता घुसला आणि स्पेलिंगं उगाच सख्ख्या भावंडांसारखी दिसू लागली. गांडूळ, जळू यांच्या ‘ॲनेलिडा’ संघाचं नावही या कड्याच्याच कुळातलं. रोमन लोक अंगठीच्या बोटालाही तिच्याच नावानं ओळखत. आपण मात्र दर्भाचं पवित्रक त्याच बोटात घालतो आणि बोटाला म्हणतो अनामिका!

खरा घोळ होतो तो झाडाच्या खोडात. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये सागाचा आडवा कापलेला ओंडका निरखून बघा. टाचणीनं टोचल्यासारख्या बारीक छिद्रांच्या गोल रांगा दिसतील. वाढीचा हंगाम सुरू झाला की साग मोठ्या नलिका तयार करतो, त्यांची ही छिद्रं. वर्षाला एक रांग, म्हणून ही ‘ॲन्युअल रिंग’. आकारानं ती ॲन्युलरही आहेच, पण नाव पडलंय वर्षावरून. उष्ण प्रदेशातल्या बऱ्याच झाडांत अशी स्पष्ट वलयं उमटत नाहीत, म्हणून अभ्यासकांत सागाला भाव. पाषाणच्या आयआयटीएम या हवामानसंशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या वलयांवरून जुन्या काळच्या पावसाचा माग काढलाय. पाऊस ओढ देतो त्या वर्षीचं वलय सहसा अरुंद भरतं.