विद्यापीठाच्या रेडिओ केंद्रासाठी अर्ज: पात्रता, कागदपत्रे आणि श्रोत्यांची वर्गणी

विद्यापीठाच्या आवारातून चालणाऱ्या रेडिओ केंद्राला भारतात ‘सामुदायिक रेडिओ’ या वर्गात परवानगी मिळते आणि ती केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालय देते. शैक्षणिक संस्थांसाठीचे धोरण 2002 च्या अखेरीस जाहीर झाले, चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र 1 फेब्रुवारी 2004 रोजी सुरू झाले, 2006 च्या धोरणाने स्वयंसेवी संस्थांनाही वाट मोकळी केली आणि फेब्रुवारी 2024 मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे आली. पुण्यातील सावित्रीबाई फुले विद्यापीठाची ‘विद्यावाणी’ आणि म्हसवडची ‘माणदेशी तरंग वाहिनी’ ही केंद्रे याच वर्गातील आहेत.

विद्यापीठे, महाविद्यालये, कृषी विज्ञान केंद्रे, नोंदणीकृत संस्था आणि सार्वजनिक न्यास यांना अर्ज करता येतो. मात्र संस्था नफ्यासाठी चालणारी नसावी, आणि संस्था किंवा न्यास असल्यास त्याची नोंदणी किमान 3 वर्षांची असावी. व्यक्ती, राजकीय पक्ष व त्यांच्याशी संलग्न संघटना अपात्र ठरतात. अनेक जिल्ह्यांत काम असलेल्या संस्थेला आता वेगवेगळ्या जिल्ह्यांत मिळून जास्तीत जास्त 6 केंद्रे चालवता येतात.

अर्ज मंत्रालयाच्या ‘ब्रॉडकास्ट सेवा’ या संकेतस्थळावर भरावा लागतो. त्यातील सर्वांत जास्त वेळ देण्याजोगा भाग म्हणजे समुदायाचे वर्णन. केंद्र कोणत्या गावांसाठी, वस्त्यांसाठी किंवा वसतिगृहांसाठी आहे, हे नावानिशी लिहायचे असते. ‘परिसरातील सर्व नागरिक’ असे मोघम उत्तर, माझ्या मते, न लिहिलेलेच बरे. जागेचे नियमही काटेकोर आहेत. शैक्षणिक संस्थेचा प्रक्षेपक आणि अँटेना मुख्य आवारातच असावा लागतो, प्रक्षेपणाची प्रभावी शक्ती साधारणपणे 100 वॅटपर्यंत मर्यादित असते आणि अँटेनाची उंची जमिनीपासून 15 ते 30 मीटरच्या दरम्यान ठेवावी लागते. किमान उंचीची अट रेडिओ लहरींचा माणसांना त्रास होऊ नये म्हणून आहे. समजा, ग्रंथालयाची गच्ची 12 मीटर उंचीवर आहे. तर तिच्यावर 18 मीटरपेक्षा उंच मनोरा चालणार नाही, कारण मोजमाप गच्चीपासून नव्हे, जमिनीपासून होते. या जागेचे अक्षांश व रेखांश प्रत्यक्ष मनोऱ्याच्या ठिकाणी उभे राहून घ्यावेत. प्रवेशद्वाराजवळचे आकडे टाकले, तर पुढील तांत्रिक छाननीत तेच आडवे येतात.

कागदपत्रांची जमवाजमव त्यामानाने सरळ आहे: विद्यापीठाचा स्थापना कायदा किंवा संस्थेचे नोंदणी प्रमाणपत्र व घटना, लेखापरीक्षित हिशेब, वार्षिक अहवाल, स्थानिक लोकांसाठी केलेल्या कामाचे पुरावे, व्यवस्थापनाचा ठराव आणि स्वाक्षरी करणाऱ्या अधिकाऱ्याचे अधिकारपत्र. ठरावात संस्थेचे नाव घटनेत आहे तसेच, अक्षरशः, उतरवावे.

छाननीत अर्ज मान्य झाला की इरादापत्र, म्हणजे अटी पूर्ण केल्यास परवानगी देण्याची तयारी दाखवणारे पत्र, मिळते. त्याची मुदत 1 वर्ष असून अनपेक्षित अडचणींसाठी आणखी 3 महिन्यांची सवलत आहे. या काळात दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी (बिनतारी नियोजन व समन्वय) शाखेकडून वारंवारता, मनोऱ्याच्या जागेसाठी ‘सॅक्फा’ या वारंवारता वाटपाच्या स्थायी सल्लागार समितीची मंजुरी, बँक हमी, मंत्रालयाशी परवानगी करार आणि शेवटी वायरलेस परवाना असे टप्पे पार पाडावे लागतात. कराराची मुदत आता 10 वर्षे आहे. केंद्राच्या सल्लागार व आशय समितीत निम्मे सदस्य महिला असाव्यात आणि किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक पातळीवर तयार व्हावेत, या अटी पाळाव्या लागतात. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, परंतु हवामान, परीक्षा, प्रवेश किंवा पाणीपुरवठा यांच्या सूचना देता येतात.

उरतो पैशाचा प्रश्न. जाहिरातींना तासाला 12 मिनिटे मिळतात आणि सरकारी जाहिरातींचा दर 2024 मध्ये 10 सेकंदांना 74 रुपये ठरला. एवढ्यावर केंद्र चालवणे कठीणच, म्हणून श्रोत्यांची वर्गणी महत्त्वाची ठरते. मिळालेले उत्पन्न केंद्राच्या चालू व भांडवली खर्चासाठी वापरायचे असते, आणि शिल्लक रक्कम संस्थेच्या मूळ कामाकडे वळवायची असल्यास मंत्रालयाची लेखी पूर्वपरवानगी लागते. तेव्हा केंद्राचे खाते वेगळे ठेवणेच सोयीचे. देणगीदाराला करसवलत हवी असेल, तर संस्थेकडे आयकर कायद्याखाली त्यासाठीची मान्यता (1961 च्या कायद्यात कलम 80जी) असायला हवी.

परदेशातील माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांबाबत गफलत हमखास होते. परदेशात राहणाऱ्या, पण भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली रक्कम परकीय देणगी मानली जात नाही. अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेल्या व्यक्तीची मात्र, तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे) असले तरी, मानली जाते. अशा रकमेसाठी परकीय देणगी नियमन कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतील विशेष खात्यातच घ्यावी लागते. कायद्याने स्थापन झालेल्या आणि ‘कॅग’कडून (भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक) सक्तीचे लेखापरीक्षण होणाऱ्या संस्थांना यातून सूट आहे, आपले विद्यापीठ त्यात बसते की नाही, हे वित्त अधिकाऱ्यांकडून लेखी घ्यावे. देणगीच्या पावतीपुस्तकात पत्ता व पॅन यांच्या जोडीला नागरिकत्वाचा रकाना पहिल्या छपाईपासूनच ठेवावा.